कोमट म्हणजे किती

आमच्या वाशीमच्या घरात दही बाबा लावतात. हे काम त्यांच्याकडे कसं आलं याच्या दोन हकिकती आहेत, एक आईची आणि एक बाबांची, आणि दोन्हींत चूक समोरच्याची आहे. आई म्हणते, लग्न नवं होतं तेव्हा यांनी ताटातल्या दह्याकडे पाहून तोंड वाकडं केलं. बाबा म्हणतात, तोंड वाकडं केलं नव्हतं, दही आंबट होतं आणि आंबट खाल्ल्यावर माणसाच्या तोंडाचं जे होतं तेवढंच झालं. आई म्हणाली, "मंग उद्यापासून तुमीच लावत जा." तेव्हापासून रोज संध्याकाळी कॉलेजातून येऊन, हातपाय धुऊन, बाबा दुधाच्या गंजासमोर, म्हणजे पातेल्यासमोर, उभे राहत आले.

बाबा तत्त्वज्ञान शिकवायचे. पहिल्या बाकासाठी कुणी भांडत नाही असा तो विषय. जुन्या तार्किकांचे वाद त्यांना तोंडपाठ होते आणि ते घरात बेधडक वापरले जायचे. त्यांतला एक मला लहानपणापासून आवडतो. कुणी एक म्हणतो, पाच इंद्रियं कशाला हवीत? इंद्रिय एकच, त्वचा. कारण ती सगळीकडे आहे, डोळ्यावर आहे, कानात आहे, जिभेवरही आहे. दुसरा त्याला विचारतो, असं असेल तर आंधळ्याला हात लावून रंग का कळत नाही? बाबा वर्गात दुसऱ्याच्या बाजूने शिकवायचे, पण मन पहिल्याकडे होतं. "हारला बिचारा," ते म्हणायचे, "पण बोलला लय मोठं."

दही लावायची त्यांची रीत ठरलेली. उजव्या हाताची करंगळी दुधात बुडवायची, डोळे मिटायचे, थोडं थांबायचं आणि म्हणायचं, "झालं कोमट." मी लहानपणी विचारायची, कोमट म्हणजे किती? ते म्हणायचे, "करंगळीले आपलं वाटते, तेवढं." या उत्तराचा मला इतका राग यायचा की मी पुढे इंजिनिअर झाले. पुण्यात एका कंपनीत आम्ही स्टीलच्या मोठ्या टाक्यांमध्ये जिवाणू वाढवतो. त्यांना किती ऊब हवी, किती आंबटपणा सोसेल, किती हवा लागेल, यावर सेन्सर लावून लक्ष ठेवायचं आणि जरा कमीजास्त झालं की सुधारायचं, हे माझं काम. आई शेजारणींना सांगते, "पोट्टी एवढं शिकली अन् दहीच लावून राह्यली. गंज तेवढे मोठे हायेत."

दिवाळीनंतर मला मुलगी झाली. बाळंतपणाला माहेरी आले होते, ती राहिलेच. सगळी रजा न घेता मी लवकरच काम सुरू केलं, कंपनीनं ते घरून करायची मुभा दिली. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून मी पुण्यातल्या टाक्यांचे आलेख बघायची, शेजारी पाळण्यात लेक, आणि ओट्यापाशी बाबा. निवृत्त झालेल्या बाबांना दुधाच्या जोडीला आता दुसरं काम मिळालं होतं, नातीच्या आंघोळीचं पाणी. तीच करंगळी घंगाळात बुडायची, तसेच डोळे मिटायचे आणि न्हाणीघरातून आवाज यायचा, "आणा तिले." मग आई यायची. बाबांच्या कोणत्याही निकालावर तिचा त्या पहिल्या दह्यापासून विश्वास नाही. ती गुमान एक लोटा गार पाणी घंगाळात ओतायची आणि मगच बाळाला पायावर घ्यायची. त्या लोट्यावरून रोज भांडण व्हायचं. बाबा म्हणायचे, "तुले कोमट कळतच नाई." आई म्हणायची, "नाई कळत. सरका तिकडं."

पौषातल्या थंडीत दही बिघडायला लागलं. एक दिवस नुसतं पाणी आणि गोळे, दुसऱ्या दिवशी लागलंच नाही, दूधच वास मारायला लागलं. बाबांनी थंडीला दोष दिला. मग म्हशीला दिला. दूध आमच्या रिठद गावच्या चुलत घरून मोटारसायकलवर येतं, तर तिकडं फोन करून म्हशीला काय खायला घालता याची चौकशी झाली. आईनं बाबांना दोष दिला. मला मात्र मनातून आनंद झाला होता. या घरात पहिल्यांदाच माझ्या विषयातली अडचण आली होती. मी बाह्या सरसावल्या तशी आई म्हणाली, "घ्या, माकडाच्या हातात कोलीत."

मी रीतसर सुरुवात केली. आधी विरजण बदलायचं ठरवलं आणि शेजारच्या जैन काकूंकडे गेले, तर दिवे लागून गेलेले. "आता विरजण देत नाईत वं बाई," त्या म्हणाल्या, "एवढी शिकली तरी इतकं कळत नाई? अन् आमच्याकडं कालच्या दह्याचं विरजण चालत बी नाई. मनुका टाकून पाय." मनुका टाकून पाहिल्या. गंज बदलला. गंज गव्हाच्या कोठीत ठेवून पाहिला, चादरीत गुंडाळून पाहिला. दही काही लागेना. शेवटी मी बॅगेतून माझा थर्मामीटर काढला आणि बाबा "झालं कोमट" म्हणाले त्याच क्षणी दुधात बुडवला.

आकडा पाहून मी थर्मामीटर झटकला. काटा साठ अंशांच्या वर होता. इतक्या गरम दुधात विरजण घातलं तर त्यातले जिवाणू तिथंच मरतात, दही लागायचा प्रश्नच नाही. आणि आता माझी गंमत ऐका. सेन्सर आणि आकडे यांवर पोट भरणारी मी, पहिल्यांदा म्हटलं काय, तर थर्मामीटर बिघडला. बाबांची करंगळी चुकेल हे डोक्यात आलंच नाही. मी तो उकळत्या पाण्यात तपासला, बर्फात तपासला. दोन्हीकडे तो बरोबर होता. तरी माझं समाधान होईना, म्हणून मी माझं बोट दुधात घातलं आणि हाय करून मागे घेतलं.

बाबांनी आपली करंगळी पुन्हा दुधात घातली आणि तशीच ठेवली. ते माझ्याकडे पाहून हसत होते. "काऊन गं, पोळलं? एवढं नाजूक झालं पुण्यात?"

मी त्यांचा हात बाहेर ओढला आणि दिव्याखाली धरला. करंगळी लाल झाली होती. शेंड्याला वाळून गेलेल्या जुन्या फोडाची खूण होती. "हे कशानं?" "असन चहाच्या भांड्याचं." "कधी पोळलं?" बाबा आठवू लागले आणि त्यांना आठवेना. बाही वर केली तर कोपराच्या खाली एक फिकट डाग, त्यावर केस नाहीत, कोरडा. हा डाग मी पाहिलेला होता. आम्ही सगळ्यांनीच पाहिलेला होता, आणि "उन्हाचा हाय" म्हणून बाबांनी तो मिटवून टाकला होता. मी दोन बोटांनी त्याला चिमटा काढला. बाबा माझ्या तोंडाकडे पाहत राहिले, मी काय करतेय ते कळावं म्हणून.

मग मला घंगाळ आठवलं. मी आईकडे पाहिलं, पण इतका वेळ ओट्यापाशी उभी राहून सगळं बघणारी आई आता तिथं नव्हती. न्हाणीघरात जाऊन पाहिलं तर ती पाटावर बसली होती आणि लोटा छातीशी धरून रडत होती. मला तिच्या त्या अविश्वासाच्या पाया पडावंसं वाटलं. आमच्या धंद्यात महत्त्वाच्या ठिकाणी एका सेन्सरवर कधी भिस्त ठेवत नाहीत, दुसरा लावतातच. आमच्या घरातला दुसरा सेन्सर म्हणजे आईचा तो एक लोटा.

दुसऱ्या दिवशी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. माझ्याच वयाच्या बाई आहेत, आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावकडच्या, आणि साऱ्या गावासारखं त्याही बाबांना सर म्हणतात. त्यांनी कोपराच्या मागची नस चाचपली. मग कापसाची बारीक वात केली आणि म्हणाल्या, "सर, डोळे मिटा. जिथं लागन तिथं दुसऱ्या हाताचं बोट ठेवजा." बाबांनी डोळे मिटले. अंगठ्याजवळ वात लागली, बाबांनी तिथं बोट ठेवलं. तळव्याच्या मध्ये लागली, बरोबर ठेवलं. मग वात अनामिकेच्या कडेला गेली, करंगळीवर गेली, करंगळीच्या शेंड्यापासून मनगटापर्यंत हळूहळू उतरली आणि परत वर चढली. बाबा डोळे मिटून बसले होते. तोंडावर चांगल्या विद्यार्थ्याची तयारी होती. वात पुन्हा खाली आली. मग बाबाच म्हणाले, "करा ना सुरू, डॉक्टर."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी खिडकीबाहेर पाहिलं.

तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, कुष्ठरोग. औषध सरकारी, फुकट मिळतं, नेमानं घेतलं की रोग पूर्ण बरा होतो. नसेची सूज उतरायला वेगळ्या गोळ्या. "बोटाचं मात्र मी वचन देत नाई, सर. नस लवकर सापडली तर संवेदना वापस येते. तुमची कवा गेली ते तुमाले बी सांगता येत नाई." मग त्यांनी आम्हा सगळ्यांना तपासलं, बाळालाही. कुणाला काही नव्हतं. निघताना त्या म्हणाल्या, "अन् ऐका. औषध सुरू झालं की तुमच्यापासून कोणाले काई होत नाई. ताट-वाटी वेगळी करू नका. नातीले खुशाल घ्या."

बाबांनी मान डोलावली. घरी आले आणि ताट-वाटी वेगळी केली. स्वतःचा पेला, स्वतःची सतरंजी, बैठकीत दारापाशी स्वतःची जागा. बाळाला खोलीच्या दुसऱ्या टोकाला उशांचं कुंपण करून ठेवायचं असा नियम त्यांनी काढला. ते हसायला लागलं की हे लांबून हसायचे. ते रडायला लागलं की उठून अंगणात जायचे. दही लावणंही सोडलं. आता मी थर्मामीटर लावून दही लावायची. ते रोज एकसारखं, सुरीनं कापावं असं लागायचं, आणि घरात कुणी त्याची तारीफ केली नाही.

मी त्यांच्याशी भांडले. मी भांडकुदळ आहेच, आणि माझी लेक आपल्या आजोबाकडे हात करकरून दमते हे मला बघवत नव्हतं. "तुम्ही जन्मभर पोरांना प्रमाण शिकवलंत," मी म्हटलं. "डॉक्टर म्हणतात ते खरं आहे की नाही?"

"खरं हाय."

"खरं आहे तर बाळाला घ्यायला हरकत आहे?"

"नाई, हरकत नाई."

"मग घ्या ना!"

"नाई घेत."

"प्रमाण मान्य, अनुमान मान्य आणि निष्कर्षाला नाही? हे कुठलं तर्कशास्त्र, बाबा?"

त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "माय, मले माहीतच नोहतं वं. पाणी कढत होतं अन् मी म्हणत होतो, आणा तिले." म्हणजे हे लागण होण्याचं भय नव्हतंच. त्यांचा स्वतःच्या हातावरचा भरवसा उडाला होता, आणि त्यावर माझ्यापाशी थर्मामीटर नव्हता.

उन्हाळा लागला तेव्हा एका रविवारी डॉक्टर सहज घरी आल्या. बाबा दारापाशी बसले होते. औषधानं त्यांचा रंग काळवंडला होता, ते बोलायचेही कमी झाले होते. चहा झाल्यावर त्यांनी अचानक विचारलं, "डॉक्टर, करंगळीले लागत नोहतं, हे ठीक. पण लागत नाई हे मले काऊन कळलं नाई?"

"तीच तर आमची अडचण आहे सर," डॉक्टर म्हणाल्या. "दुखलं असतं तर माणूस त्याच दिवशी आला असता. न दुखण्याची तक्रार घेऊन कोणी येत नाई."

मी लॅपटॉपवरून मान वर केली. "आमच्याकडे पण असंच होतं. सेन्सर वेडेवाकडे आकडे दाखवायला लागला तर लगेच कळतं. पण मेलेला सेन्सर शेवटचा बरोबर आकडाच दाखवत राहतो. सरळ रेघ. बघणाऱ्याला वाटतं, किती छान चाललंय."

बाबा सरसावून बसले. कितीतरी दिवसांनी. "म्हणजे तिघायची अडचण एकच हाय," ते म्हणाले. "आमच्या तार्किकांनी हेच तर इचारलं. जमिनीवर घडा नाई, हे आपल्याले कायनं कळते? नसलेली वस्तू दिसते कशी? त्याच्यावर किती पिढ्या भांडल्या. पण ते सारे धड डोळ्यानं पाहून भांडले. डोळाच गेला तर घडा नाई हे कोण सांगन?" आणि तिथल्या तिथं त्यांनी जाहीर केलं की आपण तिघांनी मिळून यावर एक शोधनिबंध लिहायचा आणि कॉलेज उघडल्यावर तिथल्या चर्चासत्रात वाचायचा. आई आतून म्हणाली, "तिघं मिळून आंधी धड दही लावा."

ते बोलणं बाबांनी मनावर घेतलं. संशोधन म्हटलं की प्रयोग आला, आणि प्रयोगासाठी त्यांनी डावा हात निवडला. डाव्या हातानं त्यांनी आयुष्यात काही केलेलं नव्हतं. "त्याले लागते, पण त्याले कोमट ठाऊक नाई," असं त्यांचं म्हणणं. मग रोज संध्याकाळी वर्ग भरायचा. मी दूध गरम करून निवायला ठेवायची, बाबा डाव्या करंगळीनं चाचपायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "आता." मी थर्मामीटर बघून आकडा सांगायची. सुरुवातीला डावा हात फारच भित्रा निघाला, थंडगार दुधालाही कोमट म्हणायचा. बाबा त्याला रागवायचे, नापास करायचे. "बेचाळीस म्हणजे असं," म्हणून पुन्हा बुडवायला लावायचे. जन्मभर ज्यांनी मला कोमटचा आकडा सांगितला नाही ते माझ्याकडून आकडा शिकत होते. मला हसू यायचं. हळूहळू डावा हात आकड्याच्या जवळ यायला लागला. एक दिवस बाबांनी थर्मामीटर न लावता विरजण घातलं आणि सकाळी दही लागलं. आई खाऊन म्हणाली, "आंबट हाय," म्हणजे सगळं ठीक होतं.

दर रविवारी डॉक्टर यायच्या. बाबा लिहायचे, आम्ही दोघी खोडायचो. निबंध वाढत गेला, लेक वाढत गेली. ती पालथी पडायला लागली, रांगायला लागली, खाली दोन दात आले. उशांचं कुंपण मात्र जागच्या जागी होतं. डाव्या हाताला दुधापर्यंत जायची परवानगी होती, त्याच्या पुढे नाही. उजव्या करंगळीत थोड्याशा मुंग्या येतात असं बाबा कधीकधी म्हणायचे, आणि डॉक्टर कापूस लावून पाहायच्या, तेव्हा तिथं काही नसायचं.

ज्येष्ठातल्या एका रविवारी निबंध पुरा झाला. बाबांनी तो आम्हाला वाचून दाखवायचं ठरवलं. कूलर भणभणत होता. आई तुरीची डाळ निवडत होती, डॉक्टर आणि मी भिंतीला टेकून बसलो होतो. बाबा दारापाशी आपल्या सतरंजीवर, डाव्या हातात कागद, उजवा हात सतरंजीवर मोकळा टाकलेला. ते शिकवायच्या आवाजात वाचायला लागले. हा आवाज मी कितीतरी महिन्यांनी ऐकत होते.

लेकीनं एक उशी ढकलली. मग ती तिच्यावरून आली. आधी मला वाटलं डाळीकडे जाईल, पण ती आवाजाकडे निघाली. फरशीवर हात आपटत सतरंजीपर्यंत पोचली, बसली, आणि समोर पडलेल्या हाताची करंगळी तिनं मुठीत धरली.

आईचा हात सुपात थांबला. मी उठणार होते, डॉक्टरांनी माझं मनगट धरलं. बाबा वाचत होते. "ज्ञानाचा अभाव हा स्वतः होऊन ज्ञात होत नाही. तो दुसऱ्या कुणाला तरी दिसावा लागतो," असं काहीतरी. लेकीनं करंगळी तोंडात घातली आणि नव्या दातांनी चावून पाहिली. बाबांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं, आम्ही फारच लक्ष देऊन ऐकतोय याचं त्यांना समाधान वाटलं, आणि ते पुढे वाचू लागले. खोलीत आम्हा तिघींना दिसत होतं, आणि फक्त त्यांना माहीत नव्हतं, की तिनं त्यांना धरलंय.

पान संपलं. उलटायला त्यांनी उजवा हात उचलला, तो मनगटापाशी जड लागला, म्हणून त्यांनी खाली पाहिलं.

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

"तुमचं पयलं पान चालू होतं तवापासून," आई म्हणाली.

ते हात ओढून घेतील असं मला वाटलं. खांदा तसा हललाही. पण लेक तोंड वर करून त्यांच्याकडे पाहत होती, करंगळी तिच्या लाळेनं ओली झाली होती. बाबांनी हात तसाच राहू दिला. डाव्या हातातले कागद खाली ठेवले. मग ती डावी करंगळी, इतके दिवस दुधात शिकवून तयार केलेली, त्यांनी हळूच लेकीच्या मुठीवर टेकवली आणि डोळे मिटले. गंजासमोर थांबायचे तसे थोडं थांबले.

"कोमट," ते म्हणाले.

मी थर्मामीटर आणायला उठले नाही.